वीज आल्यावर सर्व्हर उठतो, सॉफ्टवेअर उठत नाही: सर्व्हिसचा क्रम नेमका कुठे चुकतो?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात डिचोलीतल्या एका पतसंस्थेत उबुंटू २२.०४ चा एकच सर्व्हर आहे. त्यावर पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस, रेडिस (मेमरीतला झटपट डेटासाठा), टॉमकॅटवर (जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) चालणारं खात्यांचं सॉफ्टवेअर आणि सगळ्यांच्या पुढे, ब्राउझरची विनंती घेऊन मागे देणारा, एन्जिनएक्स. मुद्दाम रीस्टार्ट केला तर सगळं नीट वर येतं. पावसात वीज गेली, यूपीएस संपला आणि वीज आल्यावर सर्व्हर आपोआप उठला, की सॉफ्टवेअरच्या जागी ४०४ ('पान सापडलं नाही') दिसतं. टॉमकॅट हाताने रीस्टार्ट केला की पुन्हा ठीक. टॉमकॅटच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी सुरू करायची ते सांगणारी फाइल) 'पोस्टग्रेसनंतर सुरू हो' सांगणारी 'आफ्टर'ची ओळ घालून झाली, मग ६० सेकंदांची स्लीप, म्हणजे नुसतं थांबणं, तीही घालून झाली. कधी जमतं, कधी नाही. 'क्रम तर बरोबर लावलाय, मग असं का? स्लीप अजून किती वाढवू?'

स्लीप वाढवू नका, काढून टाका. का ते सांगतो, कारण तुम्ही पाठवलेल्या लॉगमध्ये उत्तर जवळजवळ लिहिलेलंच आहे.

८:४१:०७ ला पोस्टग्रेस सुरू होतो आणि सुरुवातीलाच सांगतो, 'डेटाबेस सिस्टिम वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन. ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस'. बरोबर एका मिनिटाने, ८:४२:०७ ला, सिस्टिमडी (लिनक्समध्ये सगळ्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) जाहीर करतं की पोस्टग्रेस चालू झाला. तिथून तुमची ६० सेकंदांची स्लीप, म्हणजे ८:४३:०७ ला टॉमकॅट उठतो. ८:४३:२० ला त्याचा कनेक्शन पूल (डेटाबेसची कनेक्शन्स आधीच उघडून ठेवणारा भाग) डेटाबेसचं दार ठोठावतो आणि आतून आवाज येतो, 'द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप'. पूल तिथेच हात टेकतो. ८:४३:५२ ला पोस्टग्रेस म्हणतो, 'रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स'. ३२ सेकंदांची चुकामूक, आणि तेवढ्यासाठी सकाळी काउंटरवर रांग.

मुद्दाम रीस्टार्ट करताना हे का होत नाही? कारण तेव्हा पोस्टग्रेसला बंद व्हायला वेळ मिळतो. तो शेवटचा चेकपॉइंट ('इथपर्यंतचं सगळं डिस्कवर उतरलं' ही खूण) लिहून शांतपणे झोपतो आणि उठतो तेव्हा त्याला मागचं काही निस्तरायचं नसतं. वीज खाडकन गेली तर मात्र शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा सगळा वॉल (प्रत्येक बदल आधी टिपून ठेवणारी नोंदवही) पुन्हा वाचून लागू करावा लागतो. शिवाय क्रॅशनंतर तो डेटा डिरेक्टरीतली प्रत्येक फाइल आधी डिस्कवर पक्की उतरवून घेतो. तुमच्याकडे फिरणारी जुनी हार्ड डिस्क आहे, तिला हे काम जड जातं. आदल्या मिनिटांत किती व्यवहार झाले त्यावर हा वेळ ठरतो, म्हणून तो कधी २० सेकंद लागतो, कधी पावणेतीन मिनिटं. अशा गोष्टीला ठरावीक आकडा लावून कसं जमणार? आज १२० लावाल, तर मार्चअखेरच्या गर्दीत वीज गेली की १८० लागतील.

आता 'आफ्टर' असूनही सिस्टिमडीने टॉमकॅटला आधीच का सोडलं, ते बघू. सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट येते ते आठवा. बोट दिसली की मागचे स्कूटरवाले इंजिन चालू करतात. बोट धक्क्याला टेकली तरी फळी खाली पडेपर्यंत कुणी चढू शकत नाही, आणि फळी पडली तरी आतल्या गाड्या उतरेपर्यंत थांबावंच लागतं. 'बोट आली' या एका वाक्यात तीन वेगळे क्षण आहेत. सर्व्हिसचंही तसंच: प्रोसेस जन्मली, पोर्ट उघडलं, काम घ्यायला तयार झाली. 'आफ्टर' एवढंच म्हणतं की आधीची सर्व्हिस 'सुरू झाली' असं सिस्टिमडीला वाटलं की पुढची सोडा. सिस्टिमडीला तसं केव्हा वाटतं, हे त्या सर्व्हिसच्या 'टाइप'वर ठरतं. 'सिंपल' असेल तर प्रोसेस जन्मली की झालं, पुढे ती मेली तरी क्रमाच्या हिशेबात ती 'सुरू' होऊन गेलेली. 'फोर्किंग' असेल तर मूळ प्रोसेस मागे सरून पोराच्या हाती कारभार देते तेव्हा. 'वनशॉट' असेल तर काम पुरं होऊन प्रोसेस संपते तेव्हा. 'नोटिफाय' असेल तर सर्व्हिस स्वतः 'मी तयार' असा निरोप पाठवते तेव्हा. खरा भरवशाचा प्रकार हा शेवटचा.

उबुंटू आणि डेबियनच्या पोस्टग्रेस पॅकेजमधली गंमत पुष्कळ अनुभवी माणसांनाही माहीत नसते. तुम्ही 'आफ्टर'मध्ये जे पोस्टग्रेसक्यूएल डॉट सर्व्हिस लिहिलंय ते खरं पोस्टग्रेस नाहीच. ते पोकळ युनिट आहे. ते काही न करता 'झालं' म्हणणारी एक कमांड चालवतं आणि हिरवं दिसतं. खरा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल ॲट १४-मेन या युनिटमध्ये चालतो. पोकळ युनिट त्याच्या मागून येतं, त्यामुळे क्रम कसाबसा पाळला जातो, पण खरा डेटाबेस उठलाच नाही तरी हे आपलं हिरवंच. वर त्या खऱ्या युनिटमध्ये सुरू करण्याच्या कमांडआधी एक छोटं वजाचं चिन्ह आहे. अर्थ असा की ही कमांड अपयशी ठरली तरी दुर्लक्ष करा. पॅकेज करणाऱ्यांनी ते विचारपूर्वक घातलंय: रिकव्हरीला कितीही वेळ लागू शकतो, तेवढ्यासाठी सिस्टिमडीने डेटाबेसला मारून टाकू नये. पीजीसीटीएल (पोस्टग्रेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) मुळात ६० सेकंद वाट बघतो, मग कंटाळून निघून जातो. सिस्टिमडी ते अपयश पोटात घालतं आणि 'चालू' म्हणतं. तुमच्या लॉगमधलं ८:४१:०७ ते ८:४२:०७ हे नेमकं एक मिनिट तिथून आलं.

म्हणजे कुणीच खोटं बोललं नाही. तुम्ही विचारलंत, 'पोस्टग्रेस सुरू झाला का?' उत्तर आलं, 'हो'. विचारायला हवं होतं, 'पोस्टग्रेस कनेक्शन घेतो का?'

तो प्रश्न विचारायचं हत्यार पोस्टग्रेससोबतच येतं: पीजी-इझरेडी. डेटाबेस कनेक्शन घेत असेल तर ते ० परत करतं, उठत असेल आणि नकार देत असेल तर १, काहीच उत्तर नसेल तर २. त्याला खरा युजर वा पासवर्ड लागत नाही. पुष्कळ जण याऐवजी ५४३२ पोर्ट उघडं आहे का एवढंच तपासणारी स्क्रिप्ट लावतात. ती इथे फसेल, कारण रिकव्हरी चालू असताना पोर्ट उघडंच असतं. तुमच्या पूललाही दार लागलं होतं, आतून 'थांबा' आलं होतं.

तर करायचं असं. पॅकेजने दिलेल्या मूळ युनिट फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये तुमचा बदल पुसला जाईल. 'सिस्टिमसीटीएल एडिट' देऊन टॉमकॅट९ साठी वेगळी ओव्हरराइड फाइल करा. तिच्यात 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्ही ओळींत खऱ्या युनिटचं नाव, म्हणजे ॲट १४-मेनवालं, आणि रेडिस-सर्व्हरचं नाव द्या. मग स्लीपच्या जागी 'एक्झेकस्टार्टप्री'मध्ये (मुख्य कमांडआधी चालणारी ओळ) एक लहान लूप: पीजी-इझरेडी ० देईपर्यंत दर २ सेकंदांनी पुन्हा विचारत राहायचं. लक्षात ठेवा, ती ओळ शेल नसते. लूप हवा असेल तर शेलला हाक मारून त्याच्या हाती तो द्यावा लागतो. ही वाट बघण्याची वेळसुद्धा सुरू होण्याच्या मुदतीत मोजली जाते आणि ती मुदत मुळात ९० सेकंद असते. म्हणून 'टाइमआउटस्टार्टसेक' १० मिनिटं करा, नाहीतर तुम्ही लूप नीट लिहाल आणि सिस्टिमडी दीड मिनिटाने त्याचा गळा धरेल. डेटाबेस ५ सेकंदांत उठला तर टॉमकॅट लगेच निघेल, ३ मिनिटं लागली तर ३ मिनिटं थांबेल.

'वॉन्ट्स' म्हटलं, 'रिक्वायर्स' नाही, हे मुद्दाम. या दोन शब्दांवरून मी एकदा चांगला तोंडघशी पडलोय. सालसेतच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा सर्व्हर लावताना मी हौसेने प्रत्येक सर्व्हिसला 'रिक्वायर्स' घातलं होतं. घट्ट बांधलं म्हणजे पक्कं झालं, असा तेव्हाचा समज. महिन्याभराने सकाळी दहाला मारियाडीबी या डेटाबेसची एक सेटिंग बदलली आणि फक्त मारियाडीबी रीस्टार्ट केला. त्याला बांधलेल्या सगळ्या सर्व्हिस एकामागोमाग खाली आल्या आणि पुन्हा वर चढू लागल्या. चेकआउटची वेळ, रिसेप्शनवर बॅगा घेऊन उभे पाहुणे, आणि बिल छापणारं मशीन गप्प. चूक सर्वस्वी माझी. 'रिक्वायर्स'चा अर्थच तो आहे: ज्याच्यावर अवलंबून आहात त्याला कुणी मुद्दाम थांबवलं किंवा रीस्टार्ट केलं तर तुम्हीही त्याच्याबरोबर.

दुसरा तोटा त्याहून वाईट. सर्व्हर उठताना 'रिक्वायर्स' आणि 'आफ्टर' दोन्ही असलेली सर्व्हिस तिचा आधार पहिल्या झटक्यात उठला नाही तर सुरूच होत नाही. लॉगमध्ये 'डिपेंडन्सी फेल्ड' येतं. 'रीस्टार्ट ऑन-फेल्युअर' लावलेलं असलं तरी उपयोग नाही, कारण रीस्टार्ट हा सुरू होऊन पडलेल्यासाठी असतो. जी सुरूच झाली नाही ती पडणार कुठून? मग डेटाबेस दोन मिनिटांनी नीट उठला तरी ही तशीच मेलेली. म्हणून एका सर्व्हरवरच्या साध्या मांडणीत मी डोळे मिटून 'वॉन्ट्स' अधिक 'आफ्टर' अधिक रीस्टार्ट लावतो. 'वॉन्ट्स' फक्त सोबत उठवतो, मरताना ओढून नेत नाही. आणि हेही सांगून ठेवतो, कारण तुमच्या आधीच्या फाइलमध्ये तीच चूक दिसली: नुसतं 'रिक्वायर्स' किंवा 'वॉन्ट्स' लिहून क्रम लागत नाही. 'आफ्टर' नसेल तर दोघेही एकाच वेळी सुटतात. कोण लागतं आणि कोण आधी, हे दोन प्रश्न सिस्टिमडीने पूर्णपणे वेगळे ठेवलेत.

सिस्टिमडीच्या आधीची पद्धत ज्यांनी वापरली त्यांना हे खटकतं. एस२०, एस९१ असे आकडे फाइलच्या नावात, आणि त्या क्रमाने एकामागून एक. डेबियनने ८ व्या आवृत्तीत, २०१५ मध्ये, सिस्टिमडी घेतलं आणि उबुंटूनेही त्याच वर्षी १५.०४ पासून. तो क्रम रांगेसारखा होता, म्हणून समजायला सोपा. आता सगळे एकदम सुटतात आणि जिथे तुम्ही सांगाल तिथेच थांबतात.

रीस्टार्टचंही एक गणित आहे. 'रीस्टार्टसेक' (पडल्यावर पुन्हा सुरू करण्याआधीची थांबण्याची वेळ) मुळात १०० मिलिसेकंद असतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी नाद सोडतं. म्हणजे डेटाबेस उठायच्या आत तुमची सर्व्हिस पाच वेळा डोकं आपटून घेते आणि कायमची पडते. 'रीस्टार्टसेक' १० सेकंद ठेवा, त्या मर्यादेला कधी पोचणारच नाही.

पण टॉमकॅटच्या बाबतीत रीस्टार्टवर फार विसंबू नका. तुम्हाला ४०४ दिसलं, ५०२ ('मागचा सर्व्हर उत्तर देत नाही') नाही, हे मला सर्वांत बोलकं वाटलं. टॉमकॅट मेला असता तर एन्जिनएक्सने ५०२ दिलं असतं. टॉमकॅट जिवंत होता. त्याच्या पोटातलं तुमचं ॲप्लिकेशन सुरू होताना कोसळलं होतं. टॉमकॅट ते लॉगमध्ये लिहितो आणि रिकामं दुकान उघडून बसतो. सिस्टिमडीला बाहेरून दिसतं की प्रोसेस आहे, सगळं हिरवं. अशा वेळी 'ऑन-फेल्युअर' काय करणार? स्प्रिंग बूटची स्वतंत्र जार (स्वतःच चालणारा जावा प्रोग्राम) असती तर तीच प्रोसेस मेली असती आणि रीस्टार्ट लागू झाला असता.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरवाल्यांकडे आहे. पूल हिकारी (जावातली एक पूल लायब्ररी) असेल तर त्यात 'इनिशियलायझेशन फेल टाइमआउट' नावाची सेटिंग असते, मुळात १ मिलिसेकंद. म्हणजे पहिल्या कनेक्शनला नकार आला की विषय संपला. ती २ मिनिटं केली तर पूल तेवढा वेळ प्रयत्न करत राहतो. त्यांना हे सांगाच, आणि 'आम्ही बघू' म्हणाले तर ईमेलवर घ्या. कारण तुमचा क्रम कितीही सुंदर असला तरी तो फक्त सर्व्हर उठताना कामी येतो. मंगळवारी दुपारी तीनला पोस्टग्रेस अपडेटमुळे रीस्टार्ट झाला तर तिथे 'आफ्टर' कुठे आहे? तेव्हा सॉफ्टवेअरला स्वतःहून थांबून पुन्हा जोडता यायला हवं. माझ्या लेखी क्रम लावणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं पुन्हा प्रयत्न करायला शिकवणं, आणि दोन्हींत एकच निवडायचं झालं तर मी दुसरं निवडेन.

एन्जिनएक्सला टॉमकॅटच्या मागे बांधू नका. मागे कुणी नसलं तरी तो उभा राहतो, ५०२ देतो, आणि टॉमकॅट आला की काम सुरू. त्या ५०२ च्या पानावर 'सर्व्हर सुरू होत आहे, दोन मिनिटं थांबा' असं मराठीत लिहून ठेवा, तुमचे अर्धे फोन वाचतील. एकच खाच: मागच्या सर्व्हरचं नाव लिहिलं असेल आणि सुरू होताना ते नाव डीएनएसमध्ये सापडलं नाही तर एन्जिनएक्स उठतच नाही. एकाच मशीनवर आहे, आयपी लिहा आणि मोकळे व्हा. रेडिसबद्दल तुमच्या आकाराच्या डेटाला काही करायची गरज नाही.

तुम्ही पुढे बॅकअपसाठी नेटवर्कवरची डिस्क जोडणार आहात, म्हणून म्हापशातला एक प्रसंग सांगतो. एका औषध वितरकाकडे बिलांच्या पीडीएफ नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवर, जात होत्या. शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, वीज जाऊन आली. सर्व्हर नॅसच्या आधी उठला, माउंट झालंच नाही (डिस्क डिरेक्टरीला जोडली गेली नाही), पण माउंट करायची डिरेक्टरी तर होतीच, रिकामी. सॉफ्टवेअर आनंदाने तिच्यात लिहीत राहिलं. संध्याकाळी कुणीतरी हाताने माउंट केलं आणि दिवसभराची बिलं अदृश्य झाली. पुसली गेली नव्हती, माउंटच्या खाली झाकली गेली होती. माउंट काढल्यावर सगळी तिथेच सापडली, पण तोपर्यंत माझा घसा कोरडा पडला होता. सर्व्हिसच्या युनिटमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' आणि पुढे त्या डिरेक्टरीचा पाथ एवढी एक ओळ असती तर सॉफ्टवेअर माउंट झाल्याशिवाय उठलंच नसतं. इथे मात्र घट्टच बांधायचं. चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा बंद राहिलेलं बरं. आणि माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीवर लिहिण्याची परवानगीच काढून ठेवा.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. 'नेटवर्क टार्गेट'च्या मागे लावलं म्हणजे आयपी मिळाला असं होत नाही. त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट' लागतं, आणि तेही 'वॉन्ट्स' व 'आफ्टर' दोन्हींत. तुमच्या सर्व्हरला आयपी राउटरकडून मिळतो आणि राउटर सर्व्हरपेक्षा हळू उठतो, तेव्हा सर्व्हरला पक्का आयपी द्या.

डॉकरमध्ये (प्रोग्राम बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं साधन) टाकलं तर हा त्रास जाईल का, असंही विचारलंय. नाही, जागा बदलेल. कंपोझ (अनेक कंटेनर एकत्र मांडणारं डॉकरचं साधन) यातलं साधं 'डिपेंड्स-ऑन' कंटेनर सुरू झाला का एवढंच बघतं, म्हणजे बोट टेकली एवढंच. हेल्थचेकमध्ये पीजी-इझरेडी लावून 'सर्व्हिस हेल्दी' अशी अट घातली तर तयार होईपर्यंत थांबतं. पण मशीन रीबूट झाल्यावर कंटेनरना कंपोझ उठवत नाही, 'रीस्टार्ट ऑलवेज' बघून डॉकरचा डेमन उठवतो, आणि त्याला 'डिपेंड्स-ऑन' माहीतच नाही. म्हणजे नेमकं तुमच्या प्रसंगात, वीज गेल्यावर, ती अट गैरहजर.

आता यूपीएस. माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न तिथे सुटतो. मे अखेरीस पहिला जोराचा पाऊस पडला की कुठल्यातरी माडाची चुडती तारांवर पडतेच, आणि मग वीज तासात येईल की संध्याकाळी हे कुणी सांगू शकत नाही. तुमचा यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडता येतो, पण ती केबल खोक्यातच आहे म्हणालात. ती काढा, नट किंवा एपीसीयूपीएसडी या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामांपैकी एक बसवा, आणि बॅटरी कमी झाली की सर्व्हर स्वतः बंद होईल असं करा. इथे 'आफ्टर'चा दुसरा चेहरा कामाला येतो: बंद होताना तोच क्रम उलटा चालतो. टॉमकॅट आधी थांबतो, हातातले व्यवहार पुरे करतो, मग पोस्टग्रेस चेकपॉइंट लिहून थांबतो. सकाळी उठल्यावर रिकव्हरी नाहीच. शेवटी यूपीएसने स्वतःही बंद व्हायला हवं, ती सोय दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे. नाहीतर सर्व्हर बंद झाल्यावर पण यूपीएस संपण्याआधी वीज आली तर सर्व्हरला वीज गेल्याचं कळतच नाही आणि तो सकाळपर्यंत झोपून राहतो.

बदल केल्यावर 'डेमन-रीलोड' द्या आणि 'सिस्टिमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय'ने युनिट तपासा. कुठे क्रमाचं चक्र झालं असेल, म्हणजे अ ब च्या मागे आणि ब अ च्या मागे, तर सिस्टिमडी उठताना त्यातलं एक काम वगळून चक्र तोडतं, आणि कुठलं वगळायचं हे ते तुम्हाला विचारत नाही. नंतर रीबूट करून 'क्रिटिकल-चेन' टॉमकॅटसाठी चालवा, कोण कुणासाठी किती थांबलं ते झाडासारखं दिसेल.

पण नुसत्या रीबूटवर समाधान मानू नका. रीबूट तर आधीही चालतच होता. रविवारी, पूर्ण बॅकअप घेऊन आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्यावर, खरी परीक्षा घ्या. पोस्टग्रेस बंद करून टॉमकॅट सुरू करायला सांगा. 'वॉन्ट्स'मुळे पोस्टग्रेस त्याच्याबरोबर उठेलच, म्हणून तेवढ्यापुरतं पोस्टग्रेसचं युनिट 'मास्क' करा, म्हणजे ते सुरूच होऊ शकणार नाही. टॉमकॅट 'ॲक्टिव्हेटिंग' असं दाखवत थांबलेला दिसला पाहिजे. पाच मिनिटं चहा घ्या. मग 'अनमास्क' करून पोस्टग्रेस सुरू करा आणि जर्नलसीटीएलवर (सिस्टिमडीचा लॉग दाखवणारी कमांड) नजर ठेवा. काही सेकंदांत टॉमकॅट आपोआप पुढे सरकला आणि लॉगिनचं पान आलं, तर चवथीला सुट्टी घ्यायला हरकत नाही.